यंदाचं उणंदुणं

पंजाब,

तुझ्या शोकसभेत एक जण उभा राहून म्हणाला, "पंजाबभाऊंनी आयुष्यात कधी कुणाला नाही म्हटलं नाही."

सगळ्यांनी माना खाली घातल्या. बायांच्या बाजूने हुंदका आला. मी मागच्या रांगेत दात आवळून बसलो होतो. माणूस गेला की त्याच्याबद्दल बरंच बोलायचं असतं, हे मलाही कळतं रे. पण थापेला काही मर्यादा असते की नाही? तू तर दिवसाची सुरुवातच नाहीने करायचास. चहा घेतोस का? नाही, आत्ताच झाला. मागे बसतोस का? नाही, गाडी मीच चालवतो. आणि मैदानावर तर विचारायलाच नको.

सभेतल्या अर्ध्या लोकांना आपण काय खेळायचो तेही धड माहीत नव्हतं. तुझ्या फोटोपुढे ठेवलेला पांढरा चेंडू पाहून शेजारच्या म्हाताऱ्याने मला विचारलं, "किरकेटीत होते काय भाऊ?" मी म्हटलं, नाही बाबा, बेसबॉल. हा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा. मी कॅचर, बॅटरच्या मागे उकिडवा बसून तो झेलणारा. कोणता चेंडू फेकायचा ते मी मांड्यांच्या मधे बोटं दाखवून सांगायचं. एक बोट म्हणजे जोरात, दोन म्हणजे सावकाश, तीन म्हणजे वळणारा. पटलं तर पिचर मान डोलावतो. नाही पटलं तर मान हलवून नको म्हणतो, मग मी दुसरी बोटं दाखवायची. म्हातारा म्हणाला, "मंग ह्यो काय करे?" मी म्हटलं, "ह्यो नकोच म्हणे."

म्हातारा हसला आणि लगेच ओशाळला. मला मात्र त्या सगळ्या सभेत तेवढंच एक बरं वाटलं.

आता हे लिहायला बसलोय ते काही तुझे गुण गायला नाही. आपलं दरवर्षीचं काम राहिलंय. हंगाम संपला की तुझ्या मळ्यात रोडगे व्हायचे. गोवऱ्यांच्या आरात कणकेचे रोडगे भाजायला पडले, वांग्याची भाजी चुलीवर चढली, की बाकीचे गडी पत्ते कुटायला बसायचे आणि आपण दोघं विहिरीच्या कठड्यावर जाऊन एकमेकांचं उणंदुणं काढायचो. सगळा हंगाम, पहिल्या सामन्यापासून शेवटच्यापर्यंत. कुठे कोण चुकलं, कोण ताठ्यात वागलं, कुणाच्या नाकावरची माशी हलली नाही. चांगलं बोलायचं नाही हा नियम तुझाच. "चांगलं सांगाले घरी बायको हाय मले," तू म्हणायचास. "तू वाईट सांग."

यंदा रोडगे झाले नाहीत. आणि नेमकं यंदाच मला तुझी फार गरज आहे. लीगवाले विचारताहेत की पुढच्या वर्षी मंगरूळपीरचा संघ उतरणार की नाही. पोरं माझ्या तोंडाकडे बघताहेत. तुला ठाऊक आहे, या संघाबद्दल मी आजवर एकही गोष्ट तुझ्याशी भांडल्याशिवाय ठरवलेली नाही. टोपीचा रंगसुद्धा नाही. मी निळी म्हटलं की तू लाल म्हणायचास, मी लाल म्हटलं की तुला निळीत बरं दिसायला लागायचं. त्या भांडणातून काय ते खरं बाहेर यायचं. आता मी कुणाशी भांडून ठरवू?

म्हणून आधी उणंदुणं उरकून घेतो. तुझं तरी.

आपण मुळातले क्रिकेटचे, हे आधी सांगायला हवं, कारण सगळी गोम तिथेच आहे. टेनिस बॉलच्या सामन्यांत तू तालुकाभर यॉर्करसाठी गाजलेला आणि मी तुझा विकेटकीपर. मग शाळेच्या खोलीत धूळ खात पडलेलं बेसबॉलचं सामान एका सरांनी आपल्या गळ्यात मारलं, आणि तुला समजलं की या खेळात चेंडूला टप्पा पाडायचा नसतो. सरळ हवेतून माझ्या ग्लोव्हमध्ये. तुझ्या हाताला ते काही केल्या मान्य होईना. तेव्हा आपण तुझ्या मळ्यात सराव सुरू केला. मी वांग्याच्या वाफ्यांच्या पलीकडे बसायचो, तू अलीकडून फेकायचास. टप्पा पडला की वांग्याचं झाड आडवं. तुझी माय हातात तुराटी घेऊन धावत यायची. "काहून रे मुडद्यांनो, लागले वांगे मोडून राह्यले! घरच्या वावरात चोरासारके काय शिरता?" तू विहिरीमागे लपायचास आणि तुराटी माझ्या पाठीवर पडायची. त्या वांग्यांच्या धाकाने तुझा टप्पा सुटला. निदान मला तसं वाटलं होतं.

तर यंदाचा हंगाम. विदर्भातली ही नवी लीग निघाली आणि पहिल्यांदाच आपल्याला खेळायचे पैसे मिळाले. पैसे म्हणजे काय, पेट्रोल सुटेल एवढे. पण 'व्यावसायिक खेळाडू' हा शब्द चिकटला. तू भाजी पिकवणारा, मी पंपाच्या जळालेल्या मोटारी बांधून देणारा, सलीमचं पंक्चरचं दुकान, कैलास शाळेत शिपाई. सगळे व्यावसायिक. माय तर म्हणाली, "चेंडू फेकाचे पैशे देतेत? मंग वांगे कायले लावतो तू?" तू म्हणालास, "चेंडू खाता येत नाई माय." आपल्या पहिल्या सामन्याला जीप निघाली तेव्हा तू पुढे बसलास आणि आरशात बघून केस नीट केलेस. हेही उणंच धरतो मी.

यवतमाळच्या सामन्यात त्यांचा तो जाडा बॅटर आला. त्याला जोराचा चेंडू आवडतो हे आंधळ्यालाही दिसत होतं. मी दोन बोटं दाखवली, सावकाश. तू नको. मी परत दोन. तू परत नको. मी चिडून एक बोट दाखवलं, आणि तू खुशीत मान डोलावलीस. चेंडू मैदानाबाहेरच्या बाभळीत गेला. तो सामना आपण त्याच चेंडूवर हरलो. परतताना जीपमध्ये मी म्हटलं, "झालं समाधान?" तर तू म्हणालास, "बोट बराबर होतं लेका, फेकाले येळ झाला." हे असलं उत्तर देणाऱ्या माणसाचं काय करावं? मी दारव्ह्यापर्यंत तुझ्याशी बोललो नाही. मग तू गाडी थांबवून भजी आणलीस आणि मी बोललो. भजी मात्र तेलकट होती.

अमरावतीला तर तू माझी लाजच काढलीस. पहाटे सांबाराच्या जुड्या बांधून, त्या बाजारात टाकून, तसाच जीपमध्ये बसला होतास. हात धुतलेस म्हणे. तिसऱ्या डावात पंचाने चेंडू मागून घेतला, डोळ्यांजवळ नेला, नाकाशी नेला. पिचरने चेंडूला काही चोपडलं तर त्याला बाहेर काढतात, हे तुला ठाऊक होतं. पंच म्हणाला, "ये हरा क्या है?" तू अगदी गरीब तोंड करून म्हणालास, "सांबार हाय साहेब. ताजा हाय." तो नागपूरकडचाच, त्याला सांबार म्हणजे कोथिंबीर हे माहीत असणार, तरी त्याने तुला बोटं हुंगायला लावली. सगळं मैदान हसत होतं. त्यात माइकवरच्या पोराने तुझं नाव वाचून जाहीर केलं, "पंजाब से आये हुए खिलाडी." तू तिथून ओरडलास, "पंजाब नाव हाय रे बावा, गाव मंगरूळ!" तो सामना आपण जिंकलो. मी परतीच्या वाटेवर हसून हसून रडलो होतो. आज नुसतं रडू येतं, हसू त्यातून निघून गेलंय.

घरच्या मैदानावरच्या त्या सामन्याचं उणं मात्र मला अजून नीट मांडता येत नाही. शेवटचा डाव होता. मी तीन बोटं दाखवली, नको. दोन दाखवली, नको. एक दाखवलं, तेही नको. माझ्याकडची बोटं संपली. मी खेळ थांबवायला सांगून तुझ्याकडे चालत आलो. माझं डोकं फिरलं होतं.

"मंग काय टाकतं बावा? चौथं बोट नाई माह्याजवळ."

"तीनच टाकतो."

"थेच तर पयले सांगतलं मी!"

"हो ना. पन आता माह्या मनानं टाकतो."

आणि टाकलास. असा वळला तो चेंडू की बॅटर बॅट फिरवून स्वतःभोवती गरकन फिरला. त्या दिवशी मला कळलं की तुझं नको म्हणजे दर वेळी नको नसतं. थांब जरा, एकदा माझ्या बाजूनेही बघू दे, असं ते असतं. मी सांगितलं आणि तू ऐकलंस असं तुला कधी चालायचं नाही. आधी नको म्हणून ती गोष्ट तू आपली करून घ्यायचास. आणि पंजाब, एकदा आपली केलीस की तुझ्याएवढा जीव तोडून ती करणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही. हे चांगलं झालं, नियमाबाहेरचं. पण आता माझं तोंड धरायला तू नाहीस, तेव्हा लिहून टाकतो.

मग नागपूर.

तो सामना जिंकला असता तर पहिल्याच वर्षी लीग आपली होती. शेवटचा डाव. आपण एका धावेने पुढे. त्यांचे दोन गडी बाद, एक बॅटर बाकी. एक जण तिसऱ्या बेसवर, एक दुसऱ्यावर, दोघंही पळायला टपलेले. बॅटर दोनदा हुकला होता, अजून एकदा हुकला की संपलं. मी तीन बोटं दाखवली. नको. दोन. नको. एक दाखवलं. तू किती तरी वेळ माझ्याकडे बघत राहिलास. मग मान डोलावलीस.

चेंडू हातातून सुटण्याआधीच मला समजलं होतं. तुझा खांदा वरून आला आणि मनगट खाली दाबलं गेलं. तो बेसबॉलचा हात नव्हता. तो आपल्या जुन्या मैदानावरचा, टेनिस बॉलचा हात होता. यॉर्कर टाकलास तू. बॅटरच्या पायात टप्पा. त्याने बॅट फिरवली आणि तो हुकला. चेंडू मातीतून उसळून माझ्या मांडीवर बसला आणि मागे जाळीपर्यंत गेला.

आता नियम आपल्या प्रत्येकाला पाठ होता. बॅटर तिसऱ्यांदा हुकला तरी कॅचरने चेंडू हवेत झेललेला नसेल, तर तो बाद होत नाही. तो पळू शकतो, खेळ चालूच असतो. पाठ होता, पण अंगात क्रिकेट मुरलेलं होतं. बॅटर हुकला, चेंडू मागे गेला, म्हणजे दांडी उडाली. तू दोन्ही हात वर केलेस. सलीम पहिला बेस सोडून तुझ्याकडे धावला. कैलासने टोपी उडवली. बाहेर बसलेले आपले लोक आत घुसले. आणि मी एकटा मास्क फेकून जाळीकडे पळत होतो आणि बोंबलत होतो, "चालू हाय! चालू हाय रे! होमवर ये, पंजाब!"

चेंडू उचलून वळलो, तर बॅटर पहिल्या बेसकडे पळत सुटलेला. पहिल्या बेसवर फेकावा तर तिथे सलीम नाही. होमवर फेकावा तर तिथे तू नाहीस. कॅचर चेंडूमागे गेला की पिचरने होम, म्हणजे बॅटरची जागा, सांभाळायचं, हे मी तुला वांग्याच्या वाफ्यांतही सांगत होतो. त्यांचे दोघं एकामागून एक होमवर येऊन पोचले, दोन धावा झाल्या, सामना गेला. आरामात आले, शेवटचा तर चालतच. सलीमने तुला उचलून धरलं होतं. तुझे पाय जमिनीला लागत नव्हते आणि तू हसत होतास. मग तू माझ्याकडे बघितलंस.

तुझा तो चेहरा मला विसरायचा आहे. जमत नाही.

जीप परत निघाली. कारंजाच्या फाट्यावर तू एकदाच तोंड उघडलंस. "रोडग्याच्या दिवशी बोलू." मी म्हटलं, "बोलूच." माझी सगळी तयारी झाली होती. टप्पा का पाडलास, हात का वर केलेस, होमवर का आला नाहीस, सगळं ओळीने. तुझीही तयारी चालली असणार. मांडीवर बसलेला चेंडू अंगाने अडवता येत होता, हे तू म्हणाला असतास. एक बोट दाखवायला कुणी सांगितलं होतं, हेही म्हणाला असतास. आणि मग मी जे म्हटलं असतं ते ऐकून माय तुराटी घेऊन आली असती.

त्याच आठवड्यात तुला ताप भरला. साधा ताप, म्हणून तू दोन दिवस अंगावर काढलास. दवाखान्यात चल म्हटलं तर नको. वाशिमला नेलं, तिथून अकोल्याला. डेंग्यू म्हणाले. मी आलो तेव्हा तुझ्या नाकात नळी होती आणि ओठ सुकले होते. शोभावयनी उशाशी बसल्या होत्या. तू मला पाहिलंस आणि उठायला बघितलंस.

"दिल्या, थो टप्पा..."

"राहू द्या ना थे आता!" वयनी म्हणाल्या. "जीवाले बरं नाई, अन् चेंडू चालू!" सिस्टरनेही मला बाहेर काढलं. मी दारातून म्हटलं, "बरा हो, मंग भांडू." तू मान हलवलीस. हो म्हणालास की नाही, ते काही मला कळलं नाही.

तो टप्पा काय, पंजाब? 'तो टप्पा माझ्या हातून पडला,' असं म्हणणार होतास? की 'तो टप्पा तुला अडवता आला नाही,' असं? की तो तू मुद्दाम टाकला होतास, यॉर्करवर हुकणार हे तुला आधीच दिसलं होतं म्हणून? हुकला तर होताच तो. मी रात्रंदिवस ते वाक्य पुरं करत बसतो. दुकानात एखाद्या मोटारीचा जळकी तांब्याची तार उलगडता उलगडता मधेच थांबतो. गिऱ्हाईक म्हणतं, भाऊ, काय झालं? काय सांगू त्याला? माझी बाजू मी कितीही पक्की केली तरी ती ऐकायला समोर कुणी नाही, आणि तुझी बाजू मी मनातल्या मनात बोललो तर ती माझ्याच आवाजात ऐकू येते. तुझ्या जागी बसून मी तुझ्यासारखा हट्टी होऊ शकत नाही रे. मी लगेच ऐकून घेतो.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी मी तुझ्या घरी गेलो होतो. वयनी सांबार निवडत होत्या. तू लावलेला. तोडायला आला होता, तर तोडावाच लागला. त्या म्हणाल्या, "भाऊ, तापात थे सारके मान हालवत होते. पानी देलं तरी नाई. गोळी देली तरी नाई. कोनाले नाई म्हनत होते, मले तं समजेच ना."

मी म्हटलं, "खेळत असन वयनी."

त्या एकदम थांबल्या. मग ओठ दाबून हसल्या आणि हसता हसताच पदर तोंडात कोंबून रडायला लागल्या. माय आतून म्हणाली, "कोन आलं वो?" वयनी म्हणाल्या, "दिलीपभाऊ." माय म्हणाली, "मंग पंजाबले उठव ना." तिला सांगितलंय सगळ्यांनी. ती तेवढ्यापुरतं ऐकते.

मी चहा न घेता निघालो. रस्त्यात गाडी बाजूला लावून बसलो. देवाला मानत नाही असं नाही, पण त्या दिवशी मला कुणाशीच नीट बोलता येत नव्हतं. तू गेलास याचं दुःख मोठं आहे, पण ते तरी सगळ्यांना दिसतं. तू भांडण अर्धवट टाकून गेलास, हे कुणाला सांगणार? लोक म्हणतात, आता कसला राग धरतोस. राग नाही रे. रागच शिल्लक ठेवला होता मी तुझ्यासाठी, आणि तो घेणारा निघून गेला.

परवा पोरांनी आग्रह केला म्हणून सरावाला गेलो. किन्हीराजा गावचा वैभव आता पिचर. हात चांगला आहे त्याचा, तुझ्यापेक्षा सरळ. आणि त्याच्या अंगात क्रिकेट नाही, तो हाच खेळ आधी शिकला. टप्पा पडत नाही त्याचा कधीच. मी मास्क घालून बसलो, एक बोट दाखवलं, त्याने मान डोलावली. दोन दाखवली, मान डोलावली. तीन, मान डोलावली. कैलास बॅट घेऊन आला. कैलास जोराच्या चेंडूची वाटच बघत असतो, ते त्याला स्वतःलाही माहीत आहे. मी मुद्दाम एक बोट दाखवलं. वैभवने मान डोलावली. कैलासने तो रस्त्यापलीकडे मारला. मी परत एक दाखवलं. मान डोलावली. परत रस्त्यापलीकडे. मी परत एकच दाखवलं, अगदी बोट हलवून हलवून. त्याने मान डोलावली.

मी उठलो, त्याच्याकडे गेलो. "काहून रे, दिसत नाई काय तुले? नको काहून नाई म्हनत?"

तो घाबरला. "तुमी सांगतलं ना भाऊ."

चांगला पोरगा आहे. त्याचं काहीच चुकलं नाही. मी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि मास्क काढला.

मग सगळे पायऱ्यांवर बसले. लीगवाल्यांना संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं. सलीमने विचारलं, "काय करायचं, दिलीपभाई?" मी काहीच ठरवून गेलो नव्हतो, खरं सांगतो. पहिलं जे तोंडात आलं ते बोललो. बघू तरी काय होतं म्हणून. एक बोट दाखवावं तसं.

"बंद करू," मी म्हटलं. "पंजाब नाई, तं आता काय खेळाचं."

सलीमने डोळे पुसले. म्हणाला, "तुम्ही म्हणाल तसं." कैलास म्हणाला, "बराबर हाय. मन नाई लागत." वैभवने मान डोलावली. मी एकेकाच्या तोंडाकडे बघत होतो. मी म्हटलं, "म्हंजे एकदम बंद. सामान शाळेत जमा करून टाकू." सगळे हो म्हणाले. माझ्या दुःखाचा मान ठेवत होते बिचारे. कैलास तर उठून बॅटी गोळा करायलाही लागला.

मी पायरीवरच बसून राहिलो. सलीम म्हणाला, "चला भाई, सोडून देतो घरी."

एवढी वर्षं चालवलेला संघ, पंजाब. मोडला. एकानेही माझ्याशी भांडण केलं नाही.